टाळीचं स्विच घेतलं, पण आमच्याकडचं जुनं मॉडेल जास्त चांगलं होतं

आधीच सांगते, रिव्ह्यू लांबलाय. ज्यांना फक्त घेऊ का नको एवढंच पाहिजे त्यांच्यासाठी: टेबल लॅम्पला घ्या, हिटरला अजिबात नको, आणि घरात कुणाला सकाळी उठल्या उठल्या सटासट शिंका येत असतील तर जरा विचार करून घ्या. पाचपैकी तीन स्टार. झालं, तुम्ही जाऊ शकता. बाकीच्यांनी निवांत बसा, कारण हे तीन स्टार का आणि उरलेले दोन कुठे गेले ते सांगायचं तर मला माझ्या वयाच्या पाचव्या वर्षापासून सुरुवात करावी लागणार आहे.

घेतलं बाबांसाठी. त्यांचा गुडघा आता ऐकत नाही, रात्री वाचता वाचता झोप आली की उठायचं, बटणापर्यंत जायचं, दिवा बंद करायचा आणि अंधारात पलंग शोधत परत यायचं, त्यात एकदा स्टुलाला धडकले. म्हटलं मागवूया. आवाजावर चालणारे स्मार्ट बल्ब पण पाहिले, पण त्यांना वायफाय लागतं, ॲप लागतं, पासवर्ड लागतो आणि पासवर्ड विसरला की मला फोन येतो. हे साधं आहे. मोबाइलच्या चार्जरपेक्षा थोडी मोठी पांढरी डबी, ती भिंतीतल्या सॉकेटमध्ये घालायची, लॅम्पची पिन तिच्या पोटात घालायची, संपलं. पुढच्या बाजूला टाचणीएवढं भोक आहे, तो तिचा कान. बाजूला एक चक्री आहे, तिने कान किती तिखट ठेवायचा ते ठरतं. दोन टाळ्या, लागला. दोन टाळ्या, विझला.

तर लावलं. बाबा पलंगावर, मी जमिनीवर मांडी घालून ते मॅन्युअल वाचतेय, अक्षरं इतकी बारीक की मुंगीने लिहिलंय असं वाटावं. बाबा म्हणाले वाजवू का, मी म्हटलं वाजवा. टाळी, टाळी. आणि डबीतून आवाज आला, टक. लॅम्प लागला.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघतोय आणि तेवढ्यात आतल्या खोलीतून आई ओरडली, "मी नाही हं केलं!"

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि ठसक्याने लॅम्प परत विझला.

आता हे आईचं "मी नाही हं" काय होतं ते सांगते.

आमच्या घरात मधली खोली होती, आहे अजून, तिथे छताला एक बल्ब. मी पाच वर्षांची असेन. एक दिवस संध्याकाळी बाबा खोलीच्या बरोब्बर मध्ये खुर्ची ठेवून बसले, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या, दोन्ही पंजे मला उलटे सुलटे करून दाखवले, बघ, काही आहे का हातात, नाही ना. मग दोनदा खोकले. मग टाळी, टाळी. टक. अंधार. मी किंचाळले. अंधारातूनच त्यांचा आवाज, घाबरू नको, थांब. टाळी, टाळी. टक. उजेड. आणि बाबा तिथेच खुर्चीत, बटणापासून चार हात लांब, पायावर पाय टाकून, जसं काही झालंच नाही.

मी विचारलं, कसं केलं? तर म्हणाले शिकवलंय त्याला. दिव्याला? हो, दोन महिने लागले, आधी नुसता लुकलुकायचा, आता समजतं त्याला. आणि तो टक आवाज? तो दिवा "हो" म्हणतो.

तुम्ही हसाल, पण मला हे शंभर टक्के पटलं. पाच वर्षांच्या माणसाला का पटू नये? कुत्र्याला बस म्हटलं की बसतो, पोपट बोलायला शिकतो, मग दिवा टाळी का नाही शिकणार. शिवाय बाबा खोटं बोलताना कधी हसायचे नाहीत, हा त्यांचा खरा गुण, अजून आहे.

मग मी वाजवायला लागले. काही नाही. परत वाजवली. काही नाही. बाबांनी माझे हात हातात घेऊन तपासले, डॉक्टरसारखे, आणि म्हणाले, "टाळी कच्ची आहे तुझी अजून." झालं. तिथून पुढचे कित्येक महिने मी टाळी पक्की करतेय. शाळेतून आलं की दप्तर टाकायचं आणि खोलीच्या मध्ये उभं राहून टाळ्या, तळहात लालबुंद. आणि गंमत म्हणजे दहा-पंधरा वेळात एखाद्या वेळी लागायचा की! त्यामुळे तर मी पुरती अडकले. एकदा लागला तेव्हा मी डाव्या पायावर उभी होते, म्हणून डावा पाय आला. एकदा लागला तेव्हा श्वास रोखला होता, म्हणून श्वास आला. शेवटी माझी पद्धत अशी झाली होती की डावा पाय, श्वास रोखून, डोळे मिटून, मनात दिव्याला "प्लीज" म्हणून मग टाळी, टाळी.

पुढे मोठी झाल्यावर कळलं की हे माझं एकटीचं वेड नव्हतं. स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली कबुतरांवर हेच करून पाहिलं होतं. भुकेल्या कबुतरांना ठरावीक वेळाने दाणे मिळायचे, कबुतर काहीही करो किंवा न करो, त्याचा दाण्यांशी काही संबंधच नाही. पण कबुतरांना वाटलं आहे संबंध. दाणे आले तेव्हा जे कबुतर गोल फिरत होतं ते परत परत गोलच फिरायला लागलं, दुसरं पिंजऱ्याच्या कोपऱ्यात डोकं खुपसायला लागलं. मी हे वाचलं तेव्हा मला पहिला माझा डावा पाय आठवला. तरी कबुतरं बरी, त्यांना प्लीज म्हणावं लागलं नाही.

आणि मी हे घरापुरतं ठेवलं असतं तर ठीक होतं. मैत्रिणीकडे खेळायला गेले, संध्याकाळ झाली, तिची आई बटण लावायला उठली तर मी म्हटलं थांबा काकू, आणि डावा पाय वगैरे सगळं करून टाळ्या वाजवल्या. काही झालं नाही. मी काकूंना समजावून सांगितलं की तुमचा दिवा शिकलेला नाहीये, आमचा शिकलेला आहे, तुम्हाला पाहिजे तर बाबा येऊन शिकवतील. काकूंनी हे आईला सांगितलं. शाळेत पण तेच, एकदा वर्गात पंखा बंद होता, बाईंनी कुणाला तरी बटण लावायला सांगितलं आणि मी बाकावर उभी राहून टाळ्या. पंखा लागला नाही, वर्ग मात्र पुढे वर्षभर मला बघून टाळ्या वाजवायचा. पण माझा विश्वास? तसूभर हलला नाही. मला वाटलं पंख्यांचं वेगळं असेल.

मध्येच घरात बल्ब जाऊन ट्यूबलाइट आली, ती जुनी चोक-स्टार्टरवाली. आता ही ट्यूब बटण दाबल्या दाबल्या लागत नाही. आधी तो छोटा स्टार्टर टोकाच्या तारा गरम करतो, मग तो सुटला की चोकमधून जोरात धक्का बसतो आणि तेव्हा कुठे ती पेटते, तेही पहिल्या झटक्यात पेटेल असं नाही, दोन-तीनदा डोळे मिचकावणार. तर बाबांनी टाळी वाजवली, टक झालं, ट्यूब मिचमिच करतेय आणि मी काळजीत, तर बाबा शांतपणे म्हणाले, "नवीन आहे ना, आठवतेय." मला त्या ट्यूबची इतकी दया आली की मी तिला हळू आवाजात सांगितलं, सावकाश कर.

आणि एकदा आई दोन दिवस गावाला गेली होती. दिवा दोन दिवस कुणाचंच ऐकेना, बाबांचं पण नाही. बाबा म्हणाले त्याला आईची आठवण येतेय. हे पण मला पटलं. आता विचार करते तेव्हा वाटतं की एवढा मोठा पुरावा समोर ठेवला होता माणसाने, जवळजवळ खरंच बोलले होते, आणि मी दिव्याला म्हटलं रडू नको येईल उद्या.

फुटलं कसं तर शिंकेने. आईला सर्दी झाली होती. बाबा खुर्चीत, दोनदा खोकले, टाळी, टाळी, टक, अंधार. आणि लगेच पॅसेजमधून जोरात "आऽऽक्छीं!" आणि टक. ट्यूब मिचमिच मिचमिच. कुणी टाळी वाजवलेली नाही. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी बाबांकडे बघितलं. मग मी पॅसेजमध्ये धावले.

आई भिंतीला टेकून उभी. एक हात बटणावर, दुसऱ्या हाताने पदर नाकाला लावलेला, नाक लाल, आणि हसून हसून डोळ्यातून पाणी. तिला शिंक आली आणि बोट दाबलं गेलं, एवढंच.

झालं असं होतं की त्या खोलीच्या दिव्याला टू-वे कनेक्शन होतं, जसं जिन्याला असतं तसं, खालून लावा वरून बंद करा. एक बटण खोलीत, एक पॅसेजमध्ये दाराच्या मागे. दोन बटणांमध्ये दोन वायरी असतात, दोन्ही बटणं एकाच वायरीवर असली की दिवा लागतो, वेगवेगळ्या वायरींवर गेली की विझतो, म्हणून कुठलंही बटण कधीही दाबा, दिवा आहे त्याच्या उलटा होणारच. लागलेला असला तर विझणार, विझलेला असला तर लागणार. त्यामुळे आईला खोलीत डोकावून बघायचीसुद्धा गरज नव्हती, ऐकायचं आणि दाबायचं. बाबांचं दोनदा खोकणं म्हणजे तिला इशारा, तयार राहा. आणि माझ्या त्या दहा-पंधरातल्या एखाद्या वेळी लागायचा तो कसा, तर आईला माझी दया यायची. हातातलं काम टाकून यायची, एकदा दाबायची, परत जायची. आली तर लागला, नाही आली तर टाळी कच्ची.

मला राग आला का? आला ना, पण बाबांचा नाही आला, याचं मला अजून नवल वाटतं. मी आईला विचारलं, तू रोज इथे उभी असायचीस? म्हणाली रोज कुठे, तुझे बाबा खोकले की. आणि मग स्वतःशीच म्हणाली, माणूस खरोखरचा खोकला तरी मी येऊन उभी, असं झालंय मला.

दोन वर्षांनी धाकट्या भावाची पाळी आली तेव्हा पॅसेजमधली नोकरी मला मिळाली. तेव्हा कळलं की हे काम सोपं नाही. लवकर दाबलं तर दुसऱ्या टाळीच्या आधीच अंधार होतो. उशिरा दाबलं तर बाबांना मध्ये काहीतरी बोलत बसावं लागतं. मी पहिल्याच दिवशी तीनदा चुकले आणि बाबांनी भावाला सांगितलं, "दिव्याला ताप आहे आज."

आता मशिनकडे येते, कारण आता मला तुलना करायचा अधिकार आहे, दोन्ही बाजूंनी काम केलंय मी. शिवाय डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा, आणि प्रोजेक्ट काय केला असेल सांगा बघू. टाळी स्विच. ब्रेडबोर्डवर छोटा कंडेन्सर माइक, त्याच्या पुढे ट्रान्झिस्टर आवाज मोठा करायला, मग ५५५ टायमर, मग ४०१७ मोजायला, शेवटी रिले. हा ५५५ म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचं लाडकं लेकरू, १९७२ साली बाजारात आलेला चिप, अजून सगळे वापरतात. तो टाळीचा कटकन आलेला आवाज पकडतो आणि त्याची एक नीट, ठरलेल्या लांबीची खूण बनवतो. ४०१७ मोजणी करतो, एकदा चालू एकदा बंद. रिले म्हणजे आत एक छोटं लोहचुंबक आणि एक पट्टी, करंट आला की पट्टी खेचली जाते, टक, आणि मोठा दिवा जोडला जातो. मी घरी आणून बाबांना हे सगळं बोट लावून दाखवलं. हा ऐकतो, हा लक्षात ठेवतो, हा दाबतो. बाबांनी चष्मा लावून नीट बघितलं आणि विचारलं, "म्हणजे ऐकायला एक, लक्षात ठेवायला एक, दाबायला एक. एवढी माणसं? आई हे सगळं एकटी करायची."

तर परीक्षेत मला त्या प्रोजेक्टला बरे मार्क मिळाले, घरी नाही.

या नवीन डबीत आत थोडा शहाणा चिप आहे, कारण ती एका टाळीला हलत नाही, दोन लागतात, आणि दोन्हींमधलं अंतर ठरावीक असावं लागतं. एक आवाज झाला तर गप्प बसते, म्हणजे पुस्तक पडलं, दार आपटलं, तर काही होत नाही, हे चांगलं आहे. अमेरिकेत १९८०च्या दशकात क्लॅपर नावाचं असंच टाळीवर चालणारं यंत्र भरपूर विकलं गेलं, तेव्हापासून हा दोन टाळ्यांचा हिशेब चालत आलाय. अडचण अशी की जगात दोनाने येणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत. उदाहरणार्थ चपला. बाबा पलंगावर बसून एक चपल काढतात, पट्, दुसरी काढतात, पट्, आणि लॅम्प लागतो. पहिले चार दिवस त्यांना वाटलं हे मुद्दाम दिलंय, चपल काढली की दिवा, काय डोकं आहे लोकांचं. मी सांगितलं नाही. शिंकांचं तर बोलूच नका, बाबांना शिंक एकटी येत नाही, जोडीने येते. नातवाच्या वाढदिवसाला केक कापल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा त्या लॅम्पचं जे काय झालं ते बघून पाहुण्यांना वाटलं आम्ही डिस्को लाइट आणलेत. टीव्हीवर लोक टाळ्या वाजवतात तेव्हाही, पण टीव्हीचा आवाज मोठा असेल तरच.

चक्री फिरवून हे कमी होतं, बंद होत नाही. कान तिखट ठेवला की चपला ऐकतो, मंद ठेवला की बाबांना दोनदा-तीनदा टाळ्या वाजवाव्या लागतात. यातही एक शोध लागला. बाबांची टाळी घुमणारी आहे, ओंजळ करून वाजवल्यासारखी, भबकन येते. आईची सपाट, कडक, फाडकन. मशिनला आईची टाळी दहापैकी नऊ वेळा कळते, बाबांची जेमतेम सहा. हे काही माझं खूळ नाही, टाळ्यांच्या आवाजावर ब्रुनो रेप नावाच्या संशोधकाने १९८७ मध्ये अभ्यास केलाय, हात कसे जुळवता त्यावर आवाजाचा पोत बदलतो, तळहात पोकळ ठेवले की आवाज खालच्या पट्टीत जातो. आणि अशा डब्यांना सहसा वरच्या पट्टीतला, कटकन सुरू होऊन कटकन संपणारा आवाज आवडतो. त्यामुळे चालत नाही म्हणून परत पाठवायच्या आधी बोटं चिकटवून, सपाट हाताने वाजवून बघा. मी हे बाबांना समजावत होते आणि एकदम लक्षात आलं की मी त्यांना सांगतेय टाळी कच्ची आहे तुमची. काय सुख मिळालं म्हणून सांगू.

अजून एक, खोली रिकामी असेल, पडदे नाहीत, फरशी गुळगुळीत, तर टाळी घुमते आणि भिंतीवरून परत आलेला आवाज मशिन वेगळी टाळी म्हणून मोजतं. आधी हॉलमध्ये लावलं होतं तिथे हाच घोळ, एका टाळीत लागायचा आणि विझायचा मात्र नाही. बाबांच्या खोलीत गादी, पडदे, कपड्यांचा ढीग, तिथे सुतासारखं चालतं. हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नाही, का कुणास ठाऊक.

घेताना रिले असलेलंच घ्या, म्हणजे टक वाजणारं. ज्यात टक वाजत नाही ते बहुतेक इलेक्ट्रॉनिक स्विचवालं असतं, त्यातून बंद असतानाही बारीकसा करंट झिरपतो आणि छोटा एलईडी रात्रभर मिणमिणत राहतो किंवा लुकलुकतो. शिवाय टक नसेल तर मजा काय. पंख्याला लावायचं असेल तर डबीवरचा लोड बघून घ्या, मोटरला बंद करताना आत ठिणगी पडते आणि रिले लवकर मरतो. हिटर, इस्त्री वगैरेला तर देवासाठी लावू नका, तुम्ही बाहेर गेलात आणि घरात मागे दोन दारं एकापाठोपाठ आपटली तर काय होईल विचार करा. लाइट जाऊन आली की आमची डबी बंदच राहते, आपोआप लागत नाही, हे मला आवडलं.

आता वेग. हा माझ्यासाठी सगळ्यात मोठा मुद्दा, हसू नका. हे मशिन दुसऱ्या टाळीनंतर थांबतं, तिसरी येते का बघायला, म्हणजे तिसरी आली तर ते टाळ्यांचा कडकडाट समजून गप्प बसणार (वाढदिवसाला का नाही बसलं मग, विचारू नका). त्यामुळे टाळी झाल्यावर अर्धा सेकंद तरी जातो, कधी जास्त. आणि माणसाला आवाज ऐकून बटण दाबायला किती लागतो माहितीये, तयारीत उभा असेल तर साधारण दीडशे ते दोनशे मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. आई मशिनच्या दुप्पट वेगाने काम करायची. शिंक आली तर चुकायची, पण मशिनही शिंकेला चुकतं, तिथे बरोबरी. चपलांना आई कधीच फसली नाही. पॉवर खाल्ली नाही. आणि माझी दया आली की टाळी कच्ची असली तरी लावायची, हे फीचर कुठल्याच मॉडेलमध्ये मला मिळालं नाही. दोन स्टार तिथे कापलेत.

रिव्ह्यू इथेच संपवणार होते, पण मागच्या आठवड्यात झालं ते लिहिल्याशिवाय राहवत नाही.

माझा मुलगा सात वर्षांचा. सुट्टीत आजोळी. बाबांनी मोठ्या थाटात त्याला बसवलं, बाह्या दुमडल्या, हात दाखवले, टाळी, टाळी, लॅम्प लागला. पोरगा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "सेन्सर आहे आजोबा त्यात." बाबांचा चेहरा असा पडला की मला बघवेना. म्हणाले हो रे, सेन्सर आहे. रात्री गप्पच होते. मी म्हटलं जाऊ दे बाबा, आत्ताच्या पोरांना यात काय नवल, त्यांच्यासाठी दिवे ऐकतातच. म्हणाले, तेच तर.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही सगळे मधल्या खोलीत. ट्यूब कधीच गेलीये, आता छताला एलईडी. बाबा खुर्ची घेऊन बरोब्बर मध्ये बसले. पोराला म्हणाले जा, ती डबी घेऊन ये माझ्या खोलीतून, काढ सॉकेटमधून, हातात धर. तो घेऊन आला. दोन्ही हातात धर, घट्ट. धरली. कुठे वायर आहे का तिला? नाही. चालेल का ती? नाही, करंट नाही ना. मग बाबा दोनदा खोकले.

मी तो खोकला तीस वर्षांनी ऐकला. शेजारी बसलेली आई काहीच न बोलता उठली, गुडघ्यावर हात टेकत, आणि म्हणाली, "पाणी पिऊन येते जरा."

टाळी, टाळी. अंधार.

पोरगा काही बोललाच नाही. टाळी, टाळी. उजेड. तो त्या डबीकडे बघतोय, वरच्या दिव्याकडे बघतोय, परत डबीकडे. मग माझ्याकडे बघून एकदम बारीक आवाजात, "आई, हे तर माझ्या हातात आहे."

पुढचा अर्धा तास त्याने दुसरं मशिन शोधलं. खुर्चीखाली, पडद्यामागे, बाबांच्या खिशात. स्टूल घेऊन खोलीतला बोर्ड तपासला, म्हणाला ब्लूटूथ असणार, बाबांचा फोन बंद करून लांब नेऊन ठेवला, तरी चाललं. स्क्रू ड्रायव्हर मागितला, तो मी दिला नाही. शेवटी दमून खोलीच्या मध्ये उभा राहिला आणि स्वतः टाळ्या वाजवल्या. काही नाही. परत. काही नाही. बाबांनी त्याचे हात हातात घेतले, उलटे सुलटे करून बघितले, आणि जराही न हसता म्हणाले, "कच्ची आहे अजून."

तो वाजवतच राहिला. तळहात लाल व्हायला लागले तसं मला बघवेना. मी दोनदा खोकले.

टाळी, टाळी. टक.

त्याने जी किंकाळी मारली ती खालपर्यंत गेली असेल. "मी केलं! आजोबा, मी केलं! थांबा, कुणी हलू नका, मी डावीकडे बघत होतो, मी परत करतो!" आणि मान डावीकडे वळवून परत सुरू. पॅसेजमधून आईचा दबका आवाज आला, "अहो, आवरा आता, पाय भरून आलेत माझे." तो त्याला ऐकू गेला नाही, तो टाळ्या वाजवत होता.